मागे कोण बसतंय?

लाल गाडी धुऊन आत आली तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि फडकेबाईच्या कडेवर तिचं सात महिन्यांचं बाळ होतं. ती शोरूमच्या मागच्या दाराने आत शिरली होती. वॉचमनकाकांनी पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं आणि मान दुसरीकडे फिरवली. बाकी कुणाला पत्ता नव्हता.

फडके हे तिचं आडनाव नव्हे. गिऱ्हाइकासमोर जाण्याआधी गाडीवर शेवटचा हात फिरवायचं काम तिचं, आणि हातात सदानकदा फडकं. त्यावरून कुणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता पगाराच्या दिवशी खऱ्या नावाने हाक आली तर तीच आधी इकडेतिकडे बघायची.

पाळणाघरातल्या दोन पोरांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. सकाळी सातला निरोप आला, आज कुणालाच आणू नका. नवरा छापखान्यात पहिल्या पाळीला गेलेला, तो एक वाजता सुटणार. जाऊबाईंची आज दाढ काढायची होती. रजा मागावी तर या महिन्यात दोन झालेल्या, आणि दुसरीच्या वेळी शोरूम सांभाळणाऱ्या मॅडमनी नुसती भुवई वर केली होती. मॅडमची भुवई म्हणजे इतरांची नोटीस. एक वाजेपर्यंत निभावायचं होतं, साडेतीन तास. तेवढं निभेल असं तिला वाटलं. गठुडं तसं गुणी होतं. जन्मल्यावर दुपट्यात बांधून बापाच्या हातात दिलं तेव्हा तो घाबरून म्हणाला होता, "अहो, हे गठुडं मी धरू कसं?" तेच नाव राहिलं.

पण गठुड्याला दात येत होते. रात्रभर किरकिर, सकाळीही किरकिर. फिनिशिंगच्या खोलीबाहेर कॉम्प्रेसर धडधडत होता आणि प्रत्येक धडधडीला त्याचा ओठ वाकडा व्हायचा. एकदा का त्याने गळा काढला असता, तर आवाज थेट मॅडमच्या केबिनपर्यंत गेला असता.

समोर लाल गाडी उभी होती.

या जपानी कंपनीच्या गाड्या आजवर घेत आले ते निवृत्त न्यायाधीश, नावाजलेले डॉक्टर, गुडघे दुखणारे कारखानदार. आत बसलं की डुलकी यावी अशी गाडी. शोरूममधली पोरं तिला 'पेन्शन' म्हणत. मग तिकडच्या मोठ्या लोकांना काळजी पडली असावी, की ही म्हातारी मंडळी संपल्यावर आपल्याला विचारणार कोण? म्हणून ही नवी काढली. नाक खाली झुकलेलं, दिवे चिडलेल्या मांजराच्या डोळ्यांसारखे, छप्पर मागे उतरत गेलेलं, मागच्या काचा काळ्याभोर, सीटवर लाल दोऱ्याची शिवण. इंजिन मुळात गरीब आणि अबोल, पण तरुणांना गुरगुर आवडते, म्हणून ती गुरगुर स्पीकरमधून ऐकवायची. उतरत्या छपराने मागच्या माणसाची डोक्यावरची जागा खाल्ली होती. कुणी ते बोलून दाखवलं की विक्री विभागातला हिरो हसायचा. "मागे कोण बसतंय, साहेब? मागे जॅकेट टाकायचं!"

त्याचं नाव हिरो पडलं ते केसांमुळे. दर तासाला तो गाडीच्या काचेत बघून ते नीट करायचा आणि काचेवर बोटं उमटवून जायचा, ती फडकेबाई पुसायची.

तिने गाडीचं आतलं काम आधी उरकलं. मग मागचं दार उघडून बाळाला घेऊन बसली. तीन महिने ही गाडी पुसत होती, पण निवांत पाठ टेकून आज पहिल्यांदाच. दार अर्धं लोटलं मात्र, बाहेरची धडधड एकदम लांब गेली. गठुड्याने चार घोट घेतले, तिचं बोट मुठीत धरलं, पाचव्या घोटाला मूठ सैल झाली. तिने त्याला सीटवर निजवलं, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या, आणखी एक टॉवेल अंगावर टाकला. बाहेरून बघणाऱ्याला घडी करून ठेवलेले टॉवेलच वाटावेत. दार उघडंच ठेवून ती पुढच्या दिव्यांकडे वळली. मान उचलली की त्याची पावलं दिसत होती.

वायपरखाली पिवळं फडकं लावलेलं होतं. हा नियम तिचाच. पूर्वी एकदा हिरोने ओल्या पॉलिशची गाडी दामटली आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटीची पार रया गेली. तेव्हापासून ठरलं. पिवळं फडकं आहे तोवर कुणी गाडीला हात लावायचा नाही, फडकं निघालं की गाडी तयार. विचारायला यायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. शोरूममध्ये बाकी कुठलाच नियम इतका कडक पाळला जात नव्हता, आणि तिला त्याचा मनातून अभिमान होता.

अकराला वीस-पंचवीस मिनिटं असताना गठुड्याने झोपेतच दूध काढलं. थोडं हनुवटीवर, थोडं सीटवर. ते लाल शिवणीत मुरलं तर वास जाता जाणार नव्हता. तिच्या हातातल्या फडक्याला पॉलिश लागलेलं, ते बाळाच्या तोंडाजवळ न्यायचं नव्हतं. धुतलेली फडकी अजून यंत्रात फिरत होती. स्वच्छ म्हणावं असं एकच होतं. तिने ते वायपरखालून ओढलं, बाळाची हनुवटी टिपली, सीट टिपली आणि ते पिळून आणायला भिंतीपलीकडच्या नळावर गेली. तिथे हात साबणाने चोळले. पदरावर दुधाचा डाग दिसला, तोही चोळला. तीन मिनिटं झाली असतील, फार तर चार.

परत आली तेव्हा गाडीच्या जागी ओल्या फरशीवर चाकांचे दोन पट्टे होते.

आधी तिला वाटलं, आपण चुकीच्या दाराने आलो. मग तिने हातातल्या फडक्याकडे पाहिलं, आणि ती धावत सुटली.

"काका, लाल गाडी?"

"गेली की. हिरो घेऊन गेला, एका पोराला चालवून दाखवायला." वॉचमनकाकांनी वहीत बोट टेकवलं. "दहा चाळीस. का गं, काय राहिलं?"

"काका, गठुडं मागे आहे."

"कसलं गठु..." काकांचं तोंड तसंच उघडं राहिलं. "अगं पण दार तर हिरोने स्वतः लावलं. मी बघितलं ना. मागचं दार उघडं होतं, ते त्याने जाता जाता ढकललं."

ढकललं असणारच. या गाडीचं दार नुसतं ढकललं तरी पुरे, उरलेलं ती स्वतः ओढून घेते. आत बघायची गरज पडत नाही. मागे वजन असलं की बेल्ट लावा म्हणून टिंगटिंग वाजतं, पण गिऱ्हाइकांच्या पिशव्यांनी ते उगाच वाजतं म्हणून हिरोने कधीच बंद करून ठेवलं होतं.

काकांनी हिरोला फोन लावला. फोन वाजला, तो आतल्या टेबलावर. गाडी दाखवताना फोन बरोबर न्यायचा नाही असा मॅडमचा हुकूम होता. एकदा ऐन मोक्याला हिरोच्या बायकोने स्पीकरवरून कांदे आणायला सांगितले होते. आणि गिऱ्हाइकाचा नंबर? तो कुणाकडेच नव्हता. आधी गाडी मनात भरू दे, फॉर्म मग भरू, हे हिरोचं धोरण.

"येतील गं. वीस-बावीस मिनिटांत येतातच," काका म्हणाले. "झोपलेलं पोर, गाडी मऊ..."

"टाकी," ती म्हणाली. "काका, पाण्याची टाकी."

हिरोची फेरी ठरलेली होती आणि तिला ती पाठ होती. आधी जुना रस्ता, गतिरोधकांचा, गाडी किती मऊ ते दाखवायला. मग पूल. पुलानंतर चार किलोमीटर सरळसोट रस्ता, तिथे बटण दाबून गुरगुर आणि वेग. त्या रस्त्याच्या शेवटी पाण्याची टाकी. टाकी दिसली की हिरो म्हणायचा, "आता दोन्ही पायांनी ब्रेक मारा. बिनधास्त!" ऐंशीवरून शून्य. मागची सीट कशी वाटते ते सांग म्हणून एकदा तिलाच मागे बसवून नेलं होतं. टाकीपाशी तिची हनुवटी पुढच्या सीटवर अशी आपटली की चार दिवस भाकरीचा तुकडा चावता येत नव्हता. ती बावन्न किलोंची होती. गठुडं साडेसात.

दहा चाळीसला निघालेली गाडी टाकीपाशी त्रेपन्न, चोपन्नला. भिंतीवरच्या घड्याळात शेहेचाळीस झाले होते.

मॅडमच्या केबिनचं दार तिने न वाजवताच उघडलं. मॅडम फोनवर कुणाला तरी महिन्याचे आकडे सांगत होत्या, पस्तिशीच्या आतली गिऱ्हाइकं किती, वरची किती. त्यांनी भुवई वर केली.

"मॅडम, लाल गाडीत माझं बाळ आहे. मागच्या सीटवर. हिरोला माहीत नाही."

ती हे एका दमात बोलली. भुवई हळूहळू खाली आली. मॅडमनी कानाचा फोन तसाच टेबलावर पालथा ठेवला.

"तुझं बाळ. माझ्या गाडीत."

"हो. मी निजवलं होतं. ते टाकीपाशी ब्रेक मारतील."

पुढचं ओरडणं मॅडमनी गिळलं, हे तिला स्पष्ट दिसलं. त्यांनी संगणक आपल्याकडे वळवला. दाखवायच्या गाड्यांचे ठिपके नकाशावर हलत होते. लाल गाडीचा ठिपका पुलाच्या अलीकडे, बाजूला वेगाचा आकडा, बत्तीस. मॅडमनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावून स्पीकर सुरू केला. संकटात सापडलेल्या गाडीत हे केंद्र थेट बोलू शकतं. विकताना ही सोय सगळ्यात शेवटी सांगायची, आणि ती प्रत्यक्ष कुणी वापरलेली अजून कुणीच पाहिली नव्हती.

तिकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. तिने गाडीचा नंबर विचारला. मग सांकेतिक शब्द. मग नंबर पुन्हा.

"अहो बाई, तिथे लहान बाळ आहे!" मॅडम म्हणाल्या.

"समजलं मॅडम. जोडून देते. आपण ऐकू शकाल."

ठिपका पुलावर चढला. गाडीत घंटी वाजली, आणि हिरोचा आवाज आला, साखरेत घोळलेला.

"बघा साहेब, म्हटलं नव्हतं? गाडी तुमची काळजी घेते!"

"नमस्कार. मदत केंद्रातून बोलतेय. आपण सुरक्षित आहात का? आपल्याला मदत हवी आहे का?"

"एकदम सुरक्षित! काही नको. आम्ही डेमो दाखवतोय. थँक्यू हं, मॅडम!"

खट्.

"गाडीतल्या व्यक्तीने मदत नाकारली आहे," मुलगी म्हणाली.

"त्याला काय कळतंय!" मॅडम उभ्याच राहिल्या. "पुन्हा लावा. लागला की पहिलं वाक्य हेच, मागे बाळ आहे, ताबडतोब गाडी थांबवा!"

"नको!"

फडकेबाईने टेबलावर हात आपटला. आपला आवाज आपलाच वाटेना. "ताबडतोब म्हणू नका. मॅडम, असं ऐकल्यावर माणूस काय करेल? ब्रेकच मारेल."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. पडद्यावर ठिपका पूल उतरला. एक्केचाळीस. अठ्ठावन्न. घड्याळात दहा पन्नास.

"मग काय सांगायचं?"

"मी बोलते."

"ताई, नियमाप्रमाणे आम्हीच..." तिकडून मुलगी म्हणाली.

"ती बोलेल," मॅडम म्हणाल्या. "नियमाचं मी बघते. लावा."

घंटी वाजली. एकदा. दोनदा. एकाहत्तर. तिसऱ्या घंटीला हिरोने घेतला. मागून ती खोटी गुरगुर ऐकू येत होती.

"मॅडम, आत्ताच सांगितलं ना..."

"हिरो, मी फडकेबाई."

"फडकेबाई? तू कशी काय..."

"तू नुसता ऐक. काही बोलू नकोस. मला गाडी चालवणाऱ्या दादांशी बोलायचंय." तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. पण आवाज तिने खाली आणला. पहाटे तीनला बाळाला थोपटताना येतो तो. शब्द कुठलेही चालतात, चाल एकच असते. "दादा, ऐकू येतंय ना? मी या गाडीवर काम करते. तुम्हाला एक गोष्ट दाखवायची राहिली."

"काय?" आवाज कोवळा होता, उत्साहाने फुललेला. "थांबा हं, मी आता ऐंशीच्या वर गेलोय!"

चौऱ्याऐंशी. ठिपका सरळ रस्त्याच्या मधोमध.

"दिसतंय. छान चालवताय. आता पाय नुसता उचला. ब्रेकवर ठेवू नका. नुसता उचला."

"पण टाकीपाशी ब्रेक मारायचाय ना? हेच म्हणाले, दोन्ही पायांनी, बिनधास्त."

"ब्रेक काय, कुणीही मारतो, दादा." तिची नजर पडद्यावरच्या आकड्यावर होती. "शाळकरी पोरसुद्धा मारेल. ब्रेकला न शिवता गाडी थांबवणं, ती खरी हातोटी. जमतं का बघू तुम्हाला."

मॅडमनी डोळे मिटून घेतले होते.

"जमेल की," पोरगा म्हणाला. "त्यात काय?"

गुरगुर खाली आली. एकोणऐंशी. बहात्तर. आकडा काही सेकंदांनी बदलायचा.

"शाब्बास. तसंच. स्टिअरिंग हलकं धरा. हळूहळू डावीकडे या. घाई नाही कुणाला."

मागून कुठल्या तरी ट्रकचा हॉर्न कर्णकर्कश वाजला.

"तो मागचा बोंबलतोय," पोरगा म्हणाला.

"बोंबलू दे. त्याला घाई आहे, आपल्याला नाही. येऊ दे गाडीला तिच्या मनाने."

त्रेपन्न. चव्वेचाळीस. टाकी ठिपक्यापासून बोटभर लांब. सदतीस.

"फडकेबाई, काय झालंय?" हिरोच्या आवाजातली साखर उडून गेली होती.

"काही नाही. सांगते. दादा, तुमचं अगदी बरोबर चाललंय. वीस झाले? आता अंगठ्याने दाबावं तेवढाच ब्रेक. निजलेल्या माणसाला पांघरूण घालतो ना, तसा. बस. बस."

अकरा. चार. शून्य.

"थांबली," पोरगा हसून म्हणाला. "काय? जमलं ना?"

"जमलं. आता गिअर पार्कवर टाका." मग तिने हात टेबलावरून उचलले. "हिरो, उतर. डावीकडचं मागचं दार हळू उघड. तिथे माझं बाळ आहे."

मग दार. पावलं. पुन्हा दार.

"इथे टॉवेल आहेत," हिरो म्हणाला. "नुसते टॉवेल आहेत गं."

"खाली बघ."

"कुठे खाली?"

"सीटच्या खाली! पाय ठेवतात तिथे बघ!"

मॅडमचा हात केव्हातरी तिच्या मनगटावर आला होता. घट्ट.

"आहे," हिरो म्हणाला. आवाज पार चिरकला होता. "आहे, आहे. ड्रायव्हरच्या सीटमागे. मॅटवर पालथा पडलाय. डोळे उघडे आहेत. बघतोय माझ्याकडे."

"रडतोय?"

"नाही. गप्प आहे. छान गप्प आहे."

"गप्प कसा?" तिचा थोपटणारा आवाज तिथेच संपला. "पडलाय आणि गप्प कसा? हिरो, रडव त्याला!"

"रडवू? मी? कसा रडवू?"

"चिमटा काढ! तळपायावर टिचकी मार! काहीही कर, रडला पाहिजे तो!"

काहीतरी सरकलं. पोरगा हिरोला म्हणाला, "सरका तुम्ही, मान धरा मान, अशी नाही!" मग एक बारीक हुंदका. मग लांब, भयंकर लांब शांतता, पोरं श्वास ओढून घेतात तेवढी. आणि मग गठुड्याने जो गळा काढला तो मॅडमच्या केबिनची काच थरथरवत बाहेर शोरूमभर गेला.

ती खुर्चीत बसली. फोनवरची मुलगी विचारत होती, "आणखी काही मदत हवी आहे का?" आणि बहुधा तीही रडत होती.

मॅडमनी स्वतःची गाडी काढली. दहा वर्षं जुनी, बंपरला दोरी बांधलेली. लाल गाडी रस्त्याच्या कडेला दिवे लुकलुकत उभी होती आणि पोरगा बाळाला घेऊन फेऱ्या मारत होता, पहिल्यांदाच टरबूज उचललेल्या माणसासारखा, दोन्ही हात पुढे धरून. तिने घेतलं तेव्हा गठुडं हुंदके देऊन दमलं होतं. कपाळावर उजवीकडे एक टेंगूळ, सुपारीएवढं. तिने त्याचे हात पाहिले, पाय वाकवून पाहिले, कानामागे पाहिलं, तळवे पाहिले.

"मी चौऱ्याऐंशीवर होतो," पोरगा म्हणाला. त्याच्या मिशा नीट फुटल्या नव्हत्या. "मी सिग्नलनंतर कसा पळवलाय, माहितीय तुम्हाला? तेव्हाच पडलं असणार. मला कुणी सांगायचं नाही?" मग त्याचा आवाज चढला. "तुम्ही आई ना त्याच्या? असं ठेवतात का?"

तिने गठुड्याला खांद्याशी घट्ट धरलं.

हिरो फुटपाथच्या कडेला बसला होता. केस कपाळावर आले होते आणि ते मागे सारायचं त्याला सुचत नव्हतं. ती बाळाला घेऊन मॅडमच्या गाडीत बसत होती तेव्हा तो खिडकीपाशी आला. "डॉक्टरांना सांग, पलंगावरून पडला," तो हळूच म्हणाला. "पोरं पडतातच गं. कोण विचारतंय? नाहीतर दवाखान्याच्या कागदावर येईल, कागद कंपनीत जाईल. तुझी जाईल, माझी जाईल. मलाही घरी दोन आहेत."

मॅडम समोरच्या काचेतून बाहेर बघत होत्या. ऐकू आलं नाही असं होणं शक्य नव्हतं. पण त्या बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्याचा अर्थ तिला दवाखाना येईपर्यंत लावता आला नाही.

पलंगावरून. वाक्य सोपं होतं. मांडीवर गठुडं पेंगत होतं आणि ती त्याला पेंगू देत नव्हती, गालावर टिचक्या मारत होती, "बघ, बघ, झाड बघ." पलंगावरून म्हटलं की डॉक्टर हसतील, टेंगळाला बर्फ लावा म्हणतील. एकला घरी. उद्या साडेनऊला पुन्हा कामावर. नवऱ्यालासुद्धा पलंगावरून, जाऊबाईंनाही पलंगावरून. एका वाक्यात सगळं जागच्या जागी.

लहान मुलांचे डॉक्टर वयस्कर होते, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी गठुड्याला टेबलावर घेतलं, दोन बोटांनी डोकं चाचपायला सुरुवात केली, आणि वर न बघता विचारलं, "कशावरून पडला?"

मॅडम दाराशी उभ्या होत्या.

तिने त्या दोन बोटांकडे पाहिलं. कपाळावरून ती टाळूकडे गेली, तिथून मागे. हळू, सवयीची बोटं, पलंगावरून पडलेली शेकडो पोरं चाचपलेली. तिच्या शब्दावर ती बोटं थांबणार होती, नाहीतर पुढे जाणार होती.

"चालत्या गाडीत पडला," ती म्हणाली. "मागच्या सीटवरून खाली. बेल्ट नव्हता. वेग किती होता नक्की माहीत नाही, चाळीस असेल, नाहीतर ऐंशी. मी गाडीत नव्हते. मीच त्याला निजवून गेले होते. पडल्यावर लगेच रडला नाही."

बोटं थांबली. डॉक्टरांनी चष्मा खाली ओढला.

"किती वेळ रडला नाही?"

"ते माहीत नाही. मला कळल्यावर अर्धा मिनिट. त्याआधीचं माहीत नाही."

"उलटी?"

"पडायच्या आधी एकदा. दुधाची. नंतर नाही."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आता कानामागे, मानेच्या मणक्यांवर, पोटावर, एकेक बरगडी मोजावी तसं. छोटा टॉर्च डोळ्यांवर मारला, काढला, मारला. गठुड्याने टॉर्च धरायला हात पुढे केला आणि तो मिळेना म्हणून चिडला. डॉक्टरांनी सहाय्यक बाईंना हाक मारली आणि डोक्याचा सीटी स्कॅन काढायला सांगितला.

स्कॅनचा रिपोर्ट यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ दोघी बाकावर बसल्या. मॅडमनी एकदा पाणी आणून दिलं.

"मला हे लिहून पाठवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "सगळं."

"लिहा."

"तुझ्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही."

"माझं आधी लिहा, मॅडम. हिरोने फक्त गाडी तयार दिसली म्हणून नेली."

मॅडमनी मान हलवली. मग दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "माझी मुलगी लहान असताना एकदा मी तिला दुकानात विसरून घरी निघाले होते. अर्ध्या वाटेत आठवलं. आज वीस वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही."

आतून बोलावणं आलं. हाड शाबूत होतं. आत रक्तस्राव नव्हता. संध्याकाळपर्यंत इथेच थांबा, डॉक्टर म्हणाले, झोपला तर तासाने उठवा, उलटी झाली तर लगेच मला बोलवा. "आणि आता पाजा त्याला. केव्हाचा तो माझा टॉर्च चावायला बघतोय."

ती कोपऱ्यातल्या खाटेवर बसून पाजत होती. गठुड्याने तिचं बोट धरलं होतं आणि या खेपेला मूठ सैल होत नव्हती. सव्वा वाजता जिन्यावर धावत चढणारी पावलं ऐकू आली. शाईने काळे झालेले हात, कपाळावर घाम, नवरा दारात उभा राहिला. वॉचमनकाकांनी त्याला एवढंच सांगितलं होतं, दवाखान्यात जा.

"काय झालं? पडला? कुठून पडला?"

"बस," ती म्हणाली. "आधी बस. सांगते."